दिवस मावळायच्या आत

पाद्रीबाबांच्या बायकोची सुटका झाली तेव्हा सुईण हॅनाच्या हातातल्या बाळावर ऊन पडलं होतं. वार रविवार, आणि या गावच्या हिशेबाने दिवस मावळेपर्यंत तो काही संपत नव्हता.

रविवारी जन्मलेल्या मुलाचा गर्भ रविवारीच राहिलेला असतो, म्हणजे आईबापांनी प्रभूचा पवित्र वार विटाळलेला असतो, हा निवाडा पाद्रीबाबांचाच. त्या पापापायी गेल्या वर्षी हॅनाच्या लेकीला भर चौकात चाबकाचे फटके बसले. पाद्रीबाबांनी नाकारल्यामुळे नातू बाप्तिस्म्याविनाच गेला.

पाद्रीबाबा आत आले. बाळाकडे न बघता त्यांनी आधी खिडकी लावली, मग मेणबत्ती पेटवली.

"दिवस मावळल्यावर झालं ना, हॅनाबाई?"

बाळंतिणीने हॅनाचं मनगट घट्ट धरलं होतं. हॅनाने ते हळूच सोडवून घेतलं. समोर चर्चच्या अंगणात गाव जमलं होतं. बाळाला छातीशी धरून तिने खिडकीची कडी काढली.