कस्तुराबाईच्या पाटल्या

कस्तुराबाईला सकाळीच भुईवर घेतलं. कानातल्या बुगड्या काढल्या, गळ्यातली एकदाणी काढली, तोंडात तुळशीपत्र घातलं. एवढी सगळी तयारी झाल्यावर तिनं डोळे उघडले आणि तुळशीपत्र गालात सरकवून चहा मागितला.

चहा मिळाला. बुगड्या परत मिळाल्या नाहीत.

राहिल्या दोन्ही हातांतल्या पाटल्या. त्या काही निघेनात. सून धोंडाबाई वाटीत रिठ्याचा फेस करून एका बाजूला बसली होती, उमरीहून आलेली लेक विमल दुसऱ्या बाजूला. दोघींचा म्हातारीवर जीव होता आणि नजर मनगटावर. जीव गेला की हात ताठतो, मग सोनाराला बोलावून पाटली कापावी लागते, हे दोघींना ठाऊक होतं. कस्तुराबाईलाही होतं.

"आत्याबाई, हात जरा ढिला सोडा की," धोंडाबाई म्हणाली.

"न्हाई. ह्या घालूनच जाणार हाय मी."

"सरणावर सोनं कुणी ठिवतं व्हय, माय?" विमल म्हणाली.

"मंग मी जातच न्हाई."

कस्तुराबाईनं मुठी आवळून घेतल्या.

धाकटा मुलगा अवधूत उंबऱ्यात बसला होता. निजामाच्या अमलातल्या नांदेडच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, तो उर्दूतून इतिहास शिकवायचा. इथं त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तरी आईचं मन रमावं म्हणून तो म्हणाला, "माय, पूर्वी नाईल नदीकाठी मिसर देशात तू म्हणतीस तसंच होतं बघ. राणी मेली की दागिन्यांसकट पुरायचे. हातात कडी, गळ्यात निळ्या मण्यांच्या माळा, बोटाबोटाला सोन्याच्या टोप्या."

"पायाच्या बी?"

"पायाच्या बी. अन् छातीवर दगडाचा भुंगा."

"भुंगा कामून?"

"वर न्यायनिवाडा होतो. तिथं आपल्याच काळजानं आपली चुगली करू नये म्हणून."

कस्तुराबाईनं विचार केला. "असला एक धोंडाबाईच्या तोंडावर ठिवा."

धोंडाबाई फेस घुसळत राहिली.

"मंग त्या राणीच्या सोन्याचं काय झालं?"

"काय होतंय? एकीचं थडगं हजारो वर्षांनी उघडून बघितलं, तर सगळं जिथल्या तिथं."

"एक बी कुणी काढलं न्हाई?"

"एक बी नाही."

कस्तुराबाई आढ्याकडं बघत पडली. अंगणात लाकडं फोडायचं काम चाललं होतं. तो आवाज मध्येच थांबला, आतून काही कळेना म्हणून पुन्हा सुरू झाला.

"आरं माय माय," ती शेवटी म्हणाली. "लेक न्हाई, सून न्हाई. कुणीच नसंल बिचारीला."

मग तिनं मुठी सोडल्या. उजवा हात धोंडाबाईपुढं केला, डावा विमलपुढं. दोघींनी मनगटांना फेस चोळला. एकमेकींकडं न बघता ओढायला लागल्या.

"सबुरीनं वढा गं," कस्तुराबाई म्हणाली. "मी अजून आत हाय."