सीट परत खाली

गार्नेट मोटरसायकलवर बसला आणि त्याचे गुडघे पार टाकीच्या वर आले. सीट परत कुणीतरी खाली केली होती.

"ओडेट!" तो ओरडला. "काल मी सीट वर करून गेलो होतो की नव्हतो?"

ओडेट ट्रकखालून बाहेर आली नाही. हे गॅरेज तिचं एकटीचं, आणि गिऱ्हाईक ओरडलं म्हणून हातचं काम सोडायची तिला सवय नव्हती.

"मला जी मापं मिळाली ती मी बसवली."

"माझी मापं? एकशे दहा किलोचा माणूस मी! ही मागची स्प्रिंग बघ. बसलो की तळाला टेकते. बाहुलीसाठी बसवलीस काय?"

"खडीवर मऊ बरी, असं परवा तूच म्हणालास. वय झालं की राहत नाही लक्षात, म्हाताऱ्या."

गार्नेट आठवायला लागला. म्हणालो असू का आपण? त्याच्या बापाचं डोकं साठीतच गेलं होतं. स्वतःच्याच बुटांकडे बोट दाखवून 'हे कुणाचे' विचारायचा. गार्नेटला एकसष्टावं लागलं होतं.

शनिवारी निघायचं होतं. डॉसन या आपल्या गावाहून उत्तरेला, डेम्प्स्टरच्या रस्त्यानं, नऊशे किलोमीटर, थेट टुक या समुद्रकाठच्या गावापर्यंत. खडी अशी की टायर चिरून ठेवते, आणि पहिल्या चारशे किलोमीटरमध्ये पेट्रोलचा थेंब नाही. कित्येक वर्षं हा रस्ता त्यानं दारूच्या टेबलाशी बसून नुसत्या गप्पांत कापला होता. मार्चमध्ये घरचा पिकअप विकून त्यानं ही अडीचशे किलोची गाडी आणली. बायकोला विचारलंसुद्धा नाही.

मेबल, त्याची बायको, टुकचीच. तिची आई अजून तिथं होती, चौऱ्याऐंशीची, आता अंथरुणाला खिळलेली. मेबल लग्न करून आली तेव्हा तिथवर रस्ता नव्हता. रस्ता झाला की नेतो, असं गार्नेट म्हणाला होता. रस्ता झाला. नेलं नाही. यंदा ती म्हणाली, मला मागं बसव. तर हा म्हणाला, "खडीवर दोघं नाही जमत. मी सांगतो ना तुझ्या आईला, तू आठवण काढतेस म्हणून." मेबलच्या विमानाच्या भाड्यासाठी ठेवलेले डॉलर त्यानं टायरमध्ये घातले. असल्या माणसाला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. गावानं ठरवलं होतं.

बुधवारी क्लचचा दांडा मुठीजवळ ओढून ठेवलेला. गुरुवारी सामानाच्या ॲल्युमिनियमच्या दोन्ही पेट्या उतरवलेल्या आणि त्यांच्या जागी एक हलकी कापडी पिशवी. त्यानं सगळं पुन्हा होतं तसं केलं. स्वतःच्या हातानं केलं, आणि घरी जाईपर्यंत खरंच केलं का, याची त्याला खात्री राहिली नाही.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मेबल! रोज संध्याकाळी ती चर्चच्या शिवणवर्गाला जायची, आणि चर्च गॅरेजला लागूनच. आपल्याला जाता येत नाही तर यालाही जाऊ द्यायचं नाही, असा तिचा डाव.

"माझ्या गाडीला हात लावतेस तू?" त्यानं जेवताना विचारलं.

"मला काय कळतं त्यातलं?" मेबलनं त्याच्या ताटलीत मासा वाढला. "तूच सांगतोस ना सगळ्यांना, गाडी आडवी पडली तर बाईमाणसाला उचलतासुद्धा येणार नाही."

"मग? खोटं आहे का ते?"

"मी कुठं म्हटलं खोटं आहे?"

ती वळली तेव्हा तिच्या नडगीवर हाताच्या पंजाएवढा काळानिळा डाग दिसला.

"हे काय झालं?"

"फ्रीजरचं झाकण लागलं."

"बघून काम करत जा जरा."

"बघूनच करते. कॅरिबू हरणाचं सुकं मांस बांधून ठेवलंय."

"किती दिवसांचं?"

"तिथं पोचेपर्यंतचं."

"आणि येताना काय, दगड खायचे?"

"माझ्या आईच्या घरातून कुणी उपाशी जात नाही."

गार्नेटच्या डोक्यातला गुंता आणखी वाढला. अडवायचं असेल तर शिदोरी कशाला? आणि अडवायचं नसेल तर सीट कोण खाली करतंय? ओडेट? तिला काय मिळणार? की आपणच?

शुक्रवारी त्यानं दिवसभर गॅरेजमध्ये मुक्काम ठोकला. सीट वर, स्प्रिंग कडक, पेट्या जागेवर. एकेक गोष्ट तळहातावर पेनानं लिहून घेतली.

"आता कुणी बोट जरी लावलं ना, ओडेट..."

"उद्या आठला ये. गाडी तयार असेल."

"माझ्या मापाची?"

"तयार असेल म्हटलं ना."

शनिवारी तो उठला तेव्हा मेबल घरात नव्हती. निरोपाचं रडगाणं टळलं म्हणून त्याला बरंच वाटलं. तळहात धुतला गेला होता, पण अक्षरं अजून पुसट दिसत होती. ती वाचत वाचत तो गॅरेजला गेला.

गाडीच्या जागी तेलाचे चार थेंब होते. ओडेट बादली पालथी घालून त्यावर कॉफी पीत बसली होती.

"गाडी कुठाय?"

ओडेटनं दाराकडे नुसती मान उडवली.

उत्तरेला निघणारा प्रत्येक जण तिच्या दारामागच्या खिळ्याला चिठ्ठी टोचून जातो: नाव, कुठवर, परत कधी. त्या रस्त्यावर फोन चालत नाहीत. तारखेवर दोन दिवस उलटले की गावातली माणसं शोधायला निघतात. गार्नेटनं आपली चिठ्ठी घरूनच लिहून आणली होती. ती हातात धरून तो दारामागं गेला.

खिळ्यावर एक चिठ्ठी आधीच होती.

नाव: मेबल.

कुठवर: आईकडे.

परत कधी: शोधायला येऊ नका.