वाचल्याची खूण

अमरेशनं ॲपमधून मेसेज वाचल्याची खूणही काढून टाकली, तेव्हा मंजुश्रीला ते जरा जास्तच वाटलं. कोण शेवटचं कधी आलं होतं ते आधीच काढलं होतं, कोण टाइप करतंय तेही. आता समोरच्यानं वाचलं की नाही, हे कळायचं कसं?

कळू नये म्हणूनच, असं तो म्हणाला. वाचलं की उत्तर द्यावं लागतं. दरवेळी माणसाजवळ उत्तर असतंच असं नाही.

लातूरला औसा रोडवर, खत-बियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघं मिळून ‘निवांत’ नावाचं ॲप बनवत होते. क्लासेसची पोरं त्यावर आधी आली. टेस्ट झाली रे झाली की घरून ‘किती पडले?’ यायचं, आणि वाचल्याचं तिकडं दिसलं की फोनवर फोन. ‘निवांत’वर ती पोरं मोकळी झाली. एकानं दुसऱ्याला सांगितलं आणि ॲप पसरत गेलं.

मग चाकूरहून शिवम्मा नावाच्या बाईंची तक्रार आली, बोलून पाठवलेली. ती खूण परत द्या, एवढंच म्हणणं. अमरेशनं ती ऐकली, इअरफोन काढून ठेवले आणि एकीसाठी काय बदलायचं, म्हणाला. मंजुश्रीला मात्र भेटावंसं वाटलं. त्याला काम होतं. ती एकटीच एसटीनं गेली.

शिवम्मा दारात तूर पाखडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्यांनी चहा टाकला. लेक पुण्यात डॉक्टरकी शिकतो, अभ्यास फार, गावी यायला जमत नाही, असं त्या सांगत होत्या. ‘निवांत’ही त्यानंच घ्यायला लावलं होतं. इथून पुढं ह्याच्यावरच लिहीत जा, म्हणाला होता. आपलं ॲप पुण्यापर्यंत पोचलं, याचा मंजुश्रीला मनातून आनंद झाला.

“आधी बरं होतं बाई,” शिवम्मा म्हणाल्या. “बोलायचा न्हाई, पर त्या खुणा निळ्या व्हायच्या. वाटायचं, हाय माझं लेकरू. माझंच चुकलं. निळं दिसलं की मी लगीच इचारायची, डॉक्टर कधी होतूस म्हणून. आता न्हाई इचारत. नुस्तं जेवलास का म्हणते. पर आडात दगड टाकावा अन् आवाजच येऊ न्हाई, तसं झालंय.”

निघताना त्यांनी तिच्या पिशवीत तुरीची डाळ घातली. लेकाला लई आवडते, म्हणाल्या.

लातूरला परतल्यावर मंजुश्रीनं अमरेशला सगळं सांगितलं. तो स्क्रीनकडे बघत ऐकत होता. ज्याला हवी त्याला तरी खूण देऊ या, ती म्हणाली. त्या बाईंना उत्तर नकोच आहे, वाचलं एवढं कळलं तरी पुरे.

खाली दुकानात खताच्या गोण्या उतरत होत्या. अमरेश नाहीच म्हणणार, असं धरून ती पुढचं कारण जुळवू लागली.

“मंजुश्री,” मान न वळवता त्यानं विचारलं, “लई वाळली का गं माझी आई?”