वेचणीच्या दिवसांतली परीक्षा

कापूस वेचणीच्या दिवसांत मुलींची शाळा बुडू नये, म्हणून बडगुजर गुरुजी शिरपूरजवळच्या त्या गावात दारोदार फिरत. मंदाबाईच्या घरी त्यांच्या इतक्या खेपा झाल्या होत्या की, ते गल्लीत दिसले तरी ती लेकीच्या, इंदूच्या, कमरेची वेचणीची ओटी सोडून हातात दप्तर देई.

त्या संध्याकाळी मात्र गुरुजी ओट्यावर टेकलेही नाहीत.

"उद्या तालुक्यातल्या सगळ्या चौथीच्या वर्गांना एकच पेपर आहे. तपासणीला साहेब येणार आहेत. इंदू अजून वाचताना अडखळते. उद्याचा एक दिवस तिला वेचणीला घेऊन जा."

हे सांगताना त्यांनी इंदूकडे पाहिले नाही. ती आतल्या दाराशी उभी राहून उद्यासाठी पाटी पुसत होती.

"पेपर बठ्ठा पोरेसना शे ना, गुरुजी?" मंदाबाईने विचारले.

"सगळ्याच पोरांचा आहे. पण निकाल शाळेचा लागतो, बाई. या वर्षी एकही मूल नापास झालेले हेडमास्तरांना चालणार नाही."

मंदाबाई आत चुलीकडे वळली. गुरुजींना वाटले, तिला पटले.

सकाळी साहेब वर्गात पेपर वाटत असताना ती इंदूचा हात धरून दारात उभी राहिली. तिच्यामागे गल्लीतल्या आणखी काही आया होत्या, गुरुजींनी पेपरला पाठवू नका म्हणून सांगितलेली आपापली 'कच्ची' पोरे घेऊन.

 

"बसू द्या, गुरुजी," ती शांतपणे म्हणाली. "पोर नापास व्हई, ते वर्गमा बशीसन व्हई."