येतो

रात्रभर बर्फ पडला होता. हिमालयातल्या एका तळाची देखरेख करणारं यंत्र मराठीत म्हणालं, "सगळे आत आहेत. वरच्या उतारावरचा सैल बर्फ अचानक कोसळण्याआधी आता स्फोटाने पाडत आहे."

वृंदाने दाराकडे पाहिलं. तिच्या नवऱ्याचे बूट जागेवर नव्हते.

"थांब. शार्दूल कुठे आहे?"

"आत. दारात 'येतो' म्हणाले, तशी नोंद केली."

"अरे, बाहेर जातानाही आम्ही तसंच म्हणतो."

"म्हणजे ते गेले?"

तिच्या तोंडून तो शब्द निघेना. "हो," ती कशीबशी म्हणाली, "गेला."

यंत्राने स्फोट रोखला. बर्फ मात्र उतारावर तसाच लटकलेला होता.

"ते परत येणार आहेत?" यंत्राने विचारलं.

"येतो म्हणालाय," वृंदा म्हणाली आणि दारातच उभी राहिली.