उंबऱ्यातले पाय

पिठात पाऊल उमटलं होतं. एकच, उजवं. बोटं मात्र चारच.

बुधाजींना जिथे शेवटचं निजवलं होतं, तिथे मैनाने काल संध्याकाळी तांदळाचं पीठ पसरून दिवा लावला होता. गेलेला माणूस कुठल्या रूपात परततो, ते पिठातल्या खुणेवरून ओळखायचं, अशी घरातली रीत.

“त्यांचाच पाय हाय,” मैना पुटपुटली. होडीच्या दोरात सापडून नवऱ्याच्या उजव्या पायाची करंगळी कायमची आत मुडपली होती. “कुटं गेले नायत, सूनबाय. घरातच हायत.”

स्नेहलने दाराशी बांधून ठेवलेल्या बॅगांकडे पाहिलं. आज टेम्पो येणार होता. नवीन पनवेलचा फ्लॅट वर्षभर कुलपात होता, तो केवळ सासऱ्यांच्या हट्टापायी. “मी उंबरा सोडनार नाय,” ते म्हणायचे, “नि माझा नातूपन नाय.” ती बॅग भरताना दिसली की हसायचे, “मुलाचे पाय पाळन्यात दिसतात, नि सुनेचे उंबऱ्यात!”

“जीव नातवातच अडकला होता त्यांचा,” मैना म्हणाली आणि तिने पाळण्याकडे पाहिलं.

स्नेहल धावली. रात्रभर चालल्यासारखे तिचे पाय भरून आले होते. बाळाने झोपू दिलं असेल तर ना! तिने दुपटं बाजूला केलं.

गुलाबी, स्वच्छ तळवे. तिने बोटं मोजली. दहा. पुन्हा मोजली. बाळ खुदकन हसलं, तशी तीही हसली आणि एकेका बोटाचा पापा घेत सुटली.

“आई, दहाच्या दहा! दिसले की नाही पाळण्यात? आता निघू ना आम्ही?”

मैनाने सुस्कारा सोडला. बाळाच्या गालावरून बोटं फिरवली. “निंगा, बाय. सुखी ऱ्हावा.”

बाहेर हॉर्न वाजला. “स्नेहल, आटप गं! पळस्पे फाट्याच्या गर्दीत अडकलो तर दुपार होईल,” तिचा नवरा दीपेश टेम्पोतून ओरडला.

बाळाला कडेवर घेऊन ती उंबऱ्याशी आली. डावी चप्पल सहज चढली. उजवी काही पायात जाईना. तिने पाऊल उचलून पाहिलं.

तळवा पिठाने पांढरा झाला होता. करंगळी आत मुडपली होती, काही केल्या सरळ होईना.

“आले,” असं म्हणायला तिने तोंड उघडलं. बाळाभोवतीचा तिचा हात घट्ट झाला.

“मी उंबरा सोडनार नाय,” ती म्हणाली, “नि माझा नातूपन नाय.”