वासराने चाटले

मल्लिनाथकाका यंदा जाणार. म्हणजे तसं काही झालेलं नाही, घरात कुणी बोललंही नाही.

गड्ड्याच्या यात्रेत भाकणुकीला उपाशी वासरापुढं गूळ, गाजर, धान्य मांडतात; ते ज्याला तोंड लावतं ते वर्षभर महागतं, मग दिसेनासं होतं, असं म्हणतात. काकांच्या वहीत तीस वर्षांची कात्रणं आहेत. ‘वासराने गूळ चाटला’, त्याखाली ‘गूळ गायब’. वाचून लई हसायचे.

यंदा वासरानं गूळ, गाजर सोडून थेट काकांचा हात चाटला.

“घामाला मीठ असतंय की!” काका म्हणाले.

सकाळी पेपरात ‘वासराने भाविकास चाटले’. काकूंनी कात्रण वहीत चिकटवलं आणि खाली जागा सोडली.


सबब, मा. वासरू यांनी आपण फक्त मीठच चाटल्याचा लेखी खुलासा उद्याच्या अंकात द्यावा, ही नम्र विनंती.